बंदरावरचे सात तास

बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. खारे पाणी म्हणून जे काही आहे ते लोणारच्या विवरात, आणि विस्तीर्ण पाणी म्हणून आपण मुलांना दाखवतो ते नळगंगेच्या धरणाचे. त्यामुळे मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या गावातले एखादे कुटुंब जहाजाने गोव्याला जाण्याचा बेत करते, तेव्हा तो बेत केवळ सहलीचा राहत नाही. तीन पिढ्यांनी एकत्र समुद्र पाहण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असतो. वीस वर्षांपूर्वी ही कल्पना कोणाच्या मनात आली नसती. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या जुन्या आगबोटी होत्या, पण त्या माणसे आणि त्यांची गाठोडी पोहोचवण्यासाठी. त्यांत मौजेचा भाग थोडा आणि उलट्यांचा अधिक. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही प्रवासी नौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली आणि सप्टेंबर २०२१ पासून दीड-दोन हजार प्रवाशांना सामावून घेणारे मोठे क्रूझ जहाज मुंबईहून निघू लागले. तेव्हापासून विदर्भातील मध्यमवर्गीय घरांतही निवृत्तीच्या पैशातून किंवा आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त हा प्रवास घडू लागला आहे.

अशा प्रवासात एक दिवस जहाज गोव्याच्या मुरगाव बंदराला लागते. सकाळी अथवा दुपारी उतरायचे, संध्याकाळी किंवा रात्री ठरल्या वेळी परत चढायचे. मधल्या सहा-सात तासांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे असतो. जहाजाची कंपनी स्वतःच्या सहली विकते. त्या महाग असतात, पण सुरक्षित वाटतात. दुसरा मार्ग म्हणजे बंदराबाहेर पडून, वाहन ठरवून, आपल्या मनाप्रमाणे दिवस घालवणे. खर्चाचा विचार बाजूला ठेवला तरी, घरात वृद्ध, मधुमेही किंवा लहान मुले असतील तर आरोग्याच्या दृष्टीने हा दुसरा मार्गच मला अधिक योग्य वाटतो. चाळीस माणसांची बस एका आजीच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना दर तासाला शौचालय लागते, हे मार्गदर्शकाला सांगताना त्यांना संकोच होतो आणि मग ते पाणीच पिणे बंद करतात. स्वतंत्र वाहन असले की हा संकोच उरत नाही. मात्र त्याच क्षणी वेळ, औषधे, पाणी आणि समुद्र यांची सारी जबाबदारी आपल्या शिरावर येते.

पहिली गोष्ट वेळेची. जहाज बंदराला लागले याचा अर्थ आपण उतरलो असा होत नाही. परवानगीची घोषणा, रांग, ओळखपत्राची तपासणी, बंदराच्या दारापर्यंतची बस या सगळ्यात तासभर सहज जातो. मुरगाव हे मालवाहू बंदर आहे. त्याच्या आवारात पायी भटकता येत नाही. परतताना जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होते, आणि ती वेळ त्या दिवशीच्या पत्रकात छापलेली असते. त्या वेळेच्याही तास-दीड तास आधी आपण बंदराच्या दाराशी असावे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते. आपल्यासाठी थांबेलच असे मुळीच नाही. म्हणजे कागदावरचे सात तास प्रत्यक्षात चार, फार तर साडेचार असतात. हा हिशेब आदल्या रात्री घरातील सर्वांना, मुलांनासुद्धा, सांगून ठेवावा. धावपळीत घडणारे अपघात, विसरलेली औषधे आणि वाढलेला रक्तदाब यांचे मूळ बहुतेक वेळा या न केलेल्या वजाबाकीत असते.

म्हणूनच कळंगूट-बागाचा हट्ट सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रपटांतून आणि भाच्या-पुतण्यांच्या फोटोंतून ती नावे आपल्या ओळखीची झाली आहेत. पण मुरगावहून ते किनारे चाळीस किलोमीटरहून अधिक दूर, उत्तर गोव्यात आहेत. झुआरी नदीवरील नवा पूल पूर्णपणे खुला झाल्यावर प्रवास सुसह्य झाला असला, तरी सुट्टीच्या दिवशी जाऊन येण्यात तीन तास मोडतात. त्याच दिवसात मंगेशी आणि शांतादुर्गेचे दर्शनही उरकू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती देवळे फोंडा तालुक्यात, म्हणजे किनाऱ्यापासून आत आहेत. देऊळ किंवा समुद्र, दोहोंपैकी एकच निवडावे.

धामणगाव बढे येथील आमच्या परिचयाच्या एका घरात यावरून जहाजावरच चर्चा रंगली होती. सासूबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. त्या म्हणाल्या, “सूनबाई, एवढ्या दूर आलो अन् देवाचं दर्शन नाही घ्यायचं?”

सून म्हणाली, “आई, देवळात जायचं तर समुद्र राहतो, अन् समुद्रावर जायचं तर देऊळ. तुम्हीच सांगा कुठं जायचं ते.”

आजींनी क्षणभर विचार केला. “देव तं आपल्या गावातबी हाये माय. समुद्र नाही हाये.”

निर्णय झाला. त्या घराने बंदरापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत असलेला बोगमाळोचा किनारा निवडला. हा किनारा लहान, दोन्ही बाजूंनी डोंगरांच्या कुशीत शिरलेला आणि तुलनेने शांत आहे. वाटेवरच भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात एकेकाळी विमानवाहू नौकेवरून उडणारी ‘सी हॉक’सारखी विमाने मुलांना अगदी जवळून पाहता येतात. सोमवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. कडक उन्हाची वेळ अशा ठिकाणी, सावलीत आणि जेवणात घालवून समुद्राकडे दुपार कलल्यावर जाणे हा मला उत्तम क्रम वाटतो. वास्को शहरात थांबायचे असेल तर श्री दामोदराचे देऊळ आहेच. तेथील चोवीस तासांचा अखंड भजनी सप्ताह प्रसिद्ध आहे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि त्यातून ही प्रथा सुरू झाली, असे तेथील लोक सांगतात. सप्ताह श्रावणात, म्हणजे क्रूझचा हंगाम नसताना येतो; पण दर्शनाची आजींची इच्छा फोंड्याला न जाताही पुरी होऊ शकते.

वाहनाबद्दल थोडेसे. मोठ्या शहरांत सवयीच्या झालेल्या ॲपवरच्या टॅक्सी येथे मिळतील असे गृहीत धरू नये. २०१८ पासून ‘गोवा माइल्स’ हे स्थानिक ॲप आहे, बंदराबाहेर टॅक्सीवाले असतात, आणि वास्कोहून पणजी व मडगावकडे कदंब महामंडळाच्या बसगाड्या जातात. सहा-सात जणांच्या कुटुंबाने दिवसभरासाठी एकच गाडी ठरवावी. भाडे, थांबण्याचा वेळ आणि परत बंदराच्या दारापर्यंत सोडण्याची वेळ बसण्यापूर्वी बोलून घ्यावी. भाड्याच्या दुचाकी स्वस्त असतात, पण अनोळखी उतार-वळणांचे रस्ते, मागे बसलेले मूल आणि घड्याळाचा ताण ही तिन्ही एकत्र आणू नयेत.

कोरडे ऊन आणि ओले ऊन

मलकापूर-मोताळ्याचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला गोव्याच्या तापमानाचा आकडा ऐकून हसू येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. गोव्यात तो बत्तीस-चौतिसाच्या आसपास असतो. “आम्हांला काय होतंय उन्हानं,” हे वाक्य बोगमाळोच्या वाळूवर हमखास ऐकू येते, आणि ते बोलणारा बहुधा डोक्यावर टोपी न घालता उभा असतो.

येथे शरीराची एक मूलभूत क्रिया समजून घ्यायला हवी. घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने होते. त्वचेवरचा घाम वाफ होऊन उडतो तेव्हा तो शरीराची उष्णता सोबत घेऊन जातो. वऱ्हाडातील कोरड्या हवेत घाम येतो न येतो तोच उडून जातो. कित्येकदा तो आला होता हे सदऱ्यावरच्या पांढऱ्या मिठाच्या रेषांवरूनच कळते. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र तो अंगावरून नुसता ओघळत राहतो आणि उष्णता आतच कोंडते. म्हणजे आपण अधिक घाम गाळतो, अधिक पाणी आणि मीठ गमावतो, आणि त्या मोबदल्यात थंडावा मात्र कमी मिळतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, ही त्यात आणखी एक फसवणूक. कोरड्या उन्हाची सवय दमट उन्हात फारशी उपयोगी पडत नाही. दमटपणाची सवय व्हायला शरीराला काही दिवस लागतात, आणि आपल्याजवळ असतात चार तास.

यावरचे उपाय साधे आहेत. सकाळी अकरा ते दुपारी तीन-साडेतीनपर्यंत उघड्या वाळूवर बसू नये. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा सरळ उपरणे वापरावे. आपल्या आजोबांचा रुमाल या कामाला कोणत्याही महागड्या टोपीहून सरस आहे. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेला त्याची गरज नसते हा समज चुकीचा आहे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. वृद्धांत तहानेची जाणीवच मंदावलेली असते. प्रत्येकाची बाटली वेगळी असली की कोणी किती प्यायले ते दिसते. ओआरएसची एक-दोन पाकिटे जवळ असावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे व त्या दिवशी गोळी केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवल्यास निकामी होऊ शकते. ते थंड पिशवीत, पण बर्फाला थेट न टेकवता, आपल्या सोबत बाळगावे. आणि मधुमेह्यांनी वाळूवर अनवाणी चालू नये. ज्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही, फुटक्या शिंपल्याची जखम कळत नाही. ती कळते चार दिवसांनी, गावी परतल्यावर, मोजा ओला झालेला दिसतो तेव्हा. समुद्रात पाय भिजवायचेच असतील तर रबरी पट्ट्यांच्या पादत्राणांसह भिजवावेत आणि जहाजावर परतताच तळवे, बोटांमधल्या फटी दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्याव्यात.

विहिरीतले पोहणे

आता सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे येतो. आपल्या भागातील पन्नाशी-साठीची बहुतेक माणसे विहिरीत पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काकाने ढकलून दिले आणि पोहणे आले. पुढे धरणाच्या पाण्यातही हात मारले. या पोहण्याचा आत्मविश्वास मोठा असतो, आणि समुद्रात तोच घातक ठरू शकतो. विहिरीतले पाणी उभे असते. ते माणसाला कोठे नेत नाही. समुद्राचे पाणी सतत कोठेतरी निघालेले असते. भर म्हणजे खाऱ्या पाण्यात शरीर अधिक हलके तरंगते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत पोहणाऱ्याला वाटते की आपल्याला पूर्वीपेक्षाही छान पोहता येते आहे.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत समुद्रात जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने वाहू लागते. या परतीच्या प्रवाहाची ओळख फसवी असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, पांढरा फेस दिसतो, आणि मध्ये एक पट्टा मात्र संथ, काहीसा गडद, जवळजवळ गुळगुळीत दिसतो. नवख्याला वाटते, लाटा नाहीत म्हणजे हीच सुरक्षित जागा. नेमका तोच पट्टा माणसाला आत ओढतो. असा प्रवाह पाण्याखाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो त्याच्याविरुद्ध पोहून दमल्यामुळे. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहून प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडावे व मग लाटांसोबत परत यावे. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांनी मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर सुट्टीत वाचतो. जीवरक्षकाला हाक मारावी. तरंगेल असे काहीतरी, रिकामा बंद कॅन, फुगवलेली नळी, दोर, जे असेल ते फेकावे.

उपरोक्त कुटुंबातील आजोबांचे असेच झाले. बासष्ट वर्षांचे, धट्टेकट्टे, विहिरीचे पट्टीचे पोहणारे. नातवंडे लाटांत खेळत होती, तेथे त्यांना उथळ वाटले म्हणून ते थोडे बाजूला, “जिथं पाणी नितळ आहे” तेथे निघाले. कमरेच्या वर पाणी येण्याआधीच शिट्टी वाजली. जीवरक्षक धावत आला आणि त्याने त्यांना हाताला धरून बाहेर आणले. आजोबांना थोडा राग आला होता. त्या पोराने वाळूत बसून, हाताने रेषा काढून त्यांना पाणी कसे येते आणि कोठून जाते ते दाखवले. मग मात्र त्यांनी अर्धा तास तेथेच बसून समुद्राकडे पाहत तो पट्टा पुन्हा पुन्हा शोधला, आणि सापडला की नातवाला दाखवला.

गोव्यातील प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून सरकारने नेमलेली जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा त्यांच्या नजरेखाली असते. पाण्यात जायचे तर तेथेच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नये. झेंडा आणि जीवरक्षक दोन्ही दिसत नसतील तर तो किनारा केवळ पाहण्यासाठी आहे असे समजावे. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात पोहण्यास गोव्यात मनाई असते. भरती-ओहोटीचा अंदाज घेणे आपल्याला कठीण नाही, कारण पंचांग घरात असते: अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, उधाण येते, आणि पाण्याची ओढही वाढते. प्रवासाची तारीख ठरवताना तिथी पाहिली तर त्यात अंधश्रद्धा काहीच नाही.

लहान मुलांबाबत एकच नियम पुरेसा आहे. मूल हाताच्या अंतरावर असावे, नजरेच्या अंतरावर नव्हे. फुगवलेली रबरी नळी हे खेळणे आहे, सुरक्षेचे साधन नव्हे. वाऱ्याने ती मुलासकट आत जाते. मुलाच्या मनगटावर न पुसणाऱ्या शाईने पालकाचा मोबाइल क्रमांक लिहावा. मद्य घेतलेल्या माणसाने पाण्यात जाऊ नये आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

जेलीफिशचा डंख झाल्यास वाळूने चोळू नये, गोडे पाणीही ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने तो भाग धुवावा, चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढावेत आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवावा. श्वास लागणे, छातीत दुखणे, चेहरा सुजणे यांपैकी काहीही झाले तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. वास्कोजवळ चिखली येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे. रुग्णवाहिकेसाठी गोव्यातही १०८ हाच क्रमांक.

ताट आणि हात

खाण्याच्या बाबतीत मी फार घाबरवू इच्छित नाही. गोव्याचे साधे जेवण, भात, आमटी, एखादी भाजी, सोलकढी, हे प्रवासातल्या पोटाला मानवणारे आहे. शाकाहारी मंडळींना वास्कोत उडप्याची हॉटेले आणि सकाळचा भाजी-पाव मिळतो. सावधगिरी हवी ती कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचाच्या जीवांबाबत. गोड्या पाण्यातला मासा खाणाऱ्याला हे चालतीलच असे नाही. कवचवाल्या जीवांची ॲलर्जी प्रौढपणीही प्रथमच दिसू शकते, आणि दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष जपावे. प्रथमच खाणाऱ्याने दोन घास खाऊन थांबावे. ओठ खाजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा वाटणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरकडे जावे. घसा आवळणे ही तातडीची स्थिती आहे.

शहाळ्याबद्दल आपल्या जिल्ह्यासाठी एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद परिसरातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार घरोघरी परिचयाचे आहेत, आणि तेथील सोयरे अशा सहलींत सोबत असतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाला ते हितकर. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या हृदयाला मात्र धोकादायक ठरू शकते. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून त्यांना आग्रह करू नये.

जहाजावरील बंदिस्त जागेत संसर्ग भराभर पसरतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून निघालेल्या, सुमारे दोन हजार माणसे असलेल्या क्रूझवर ६६ जण कोविडबाधित आढळले आणि प्रवाशांची सहल मुरगाव बंदरातच अडकून पडली, हे अनेकांना आठवत असेल. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर क्रूझ जहाजांचा जुना सोबती आहे आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा परिणाम अपुरा पडतो. म्हणून बाहेरून परतल्यावर आणि जेवणापूर्वी साबण व वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत. मुरगाव बंदरातून कोळशाची मोठी वाहतूक होते. दमेकऱ्यांनी बंदराच्या आवारात मास्क लावावा आणि पंप खिशात ठेवावा, खोलीत नव्हे.

हातपिशवीत काय असावे

सर्वांची मूळ ओळखपत्रे आणि जहाजाचे कार्ड. एका दिवसाची नव्हे तर दोन दिवसांची नेहमीची औषधे, चिठ्ठीसह. थोडी रोख रक्कम. जहाजाच्या संपर्काचा क्रमांक कागदावर लिहिलेला, कारण मोबाइलची बॅटरी संपते. एक सुका कपडा. आणि मधुमेह्यांसाठी साखरेच्या गोळ्या. दोन दिवसांची औषधे का, याचे उत्तर म्हणजे जहाज चुकण्याची शक्यता. ते चुकलेच तर घाबरून वेगवान गाडी पळवत मागे लागू नये. रक्तदाबाची गोळी पिशवीत असेल तर जहाज चुकणे ही केवळ खर्चाची बाब राहते. ती जहाजाच्या खोलीत असेल तर तोच आजार होतो. मडगावहून मुंबईकडे कोकण रेल्वेच्या गाड्या आहेत. आणि बुलढाणेकरांना दिलासा देणारी गोष्ट अशी की वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळमार्गेच दिल्लीकडे जाते. भुसावळहून मलकापूर काही फार दूर नाही.

प्रवासाला निघतानाची एक गोष्ट राहिली. मलकापूरहून रात्रीची गाडी पकडून सकाळी मुंबई, दुपारी जहाज, आणि दुसऱ्या दिवशी बंदर, अशी आखणी सर्रास केली जाते. त्यात दोन रात्रींची झोप बिघडते आणि त्या न झालेल्या झोपेचा हिशेब बंदरावरच्या उन्हात चुकता होतो. शक्य असल्यास एक दिवस आधी मुंबईत पोहोचून विश्रांती घ्यावी. मळमळीची गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावी. या गोळ्यांपैकी पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांतील काही चालत नाहीत. गुंगीत असलेल्या माणसाने बंदरावर उतरून समुद्रात जाऊ नये.

जहाजातून उतरल्यावर, आणि कधी गावी परतल्यावरही, पायाखालची जमीन डुलते आहे असे वाटते. धामणगावच्या त्या आजी घरी आल्यावर दोन दिवस भिंतीला धरून चालत होत्या आणि शेजारणी भेटायला आल्या की “अजून बोटीतच हावो मी” असे सांगत होत्या. हलत्या जहाजावर तोल सांभाळायला शिकलेला मेंदू स्थिर जमिनीवर परतायला थोडा वेळ घेतो. बहुतेकांना हा त्रास काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत थांबतो. तोवर वृद्धांनी रात्री न्हाणीघरात जाताना दिवा लावावा आणि आधार घ्यावा. आठवड्यानंतरही डुलणे थांबले नाही, किंवा त्यासोबत बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, तीव्र डोकेदुखी असे काही दिसले, तर ते बोटीचे नव्हे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.